चार टक्के चार्जिंग आणि चाळीस पेरू

मित्रांनो, बोलायला लागण्याआधी एक विनंती. माझ्या डाव्या अंगाला चार्जरची पिन आहे, ती नीट बसली आहे का तेवढं बघा. बसली? जराशी हलवून बघा. हां, आता ठीक. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि ती पिन निघाली की चार-पाच मिनिटांत माझा कारभार आटोपतो. म्हणून मी सदान्‌कदा धास्तावलेला असतो. माझ्या पंख्याची घरघर ऐकून लोक म्हणतात, यंत्र तापलंय. तापलेलं नसतं हो, घाबरलेलं असतं.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पुण्यातलं ऑफिस. तिथे मी नवा कोरा गेलो, तेव्हा काय माझा थाट होता! साहेब माझ्याजवळ चहाचा कप ठेवू देत नसत. 'काय पळतो हा!' असं म्हणून चार जण माझ्याभोवती जमत. तीन वर्षांनी माझ्याहून पातळ, माझ्याहून चपळ असा दुसरा आला आणि मला एका खोक्यात घातलं. खोक्यावर लिहिलं, 'निकामी'. त्या अंधारात मी दीड-दोन वर्षं काढली. कुणी उघडेल, कुणी फेकून देईल, काहीच कळत नव्हतं. भीती माझ्या अंगात शिरली ती तिथेच.

पुढे ते खोकं बारामतीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात आलं. दुकानदाराने मला पुसलं, दोन स्क्रू नवे लावले आणि एका शेतकऱ्याला सांगितलं, "बॅटरी गेलीय बरं का. लाईटवरच चालवा." शेतकऱ्याचं नाव अविराज. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा. त्याने मला स्वेटरमध्ये गुंडाळून मोटरसायकलवरून घरी नेलं आणि बायकोच्या पुढ्यात ठेवलं. म्हणाला, "हे घे. आता मोबाईलच्या येवढ्याशा पडद्यावर डोळं फोडू नगंस."

त्याच्या बायकोचं नाव संजीवनी. तिची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण माझी गोष्ट म्हणजे तिचीच गोष्ट आहे. संजीवनी बारामतीच्या एका कॉलेजात बी.कॉम.ला होती. तीन वर्षं एस.टी.ने ये-जा केली. सगळे विषय सुटले, एक संख्याशास्त्र राहिलं. तेवढ्यात लग्न झालं. पुढच्या वर्षी देऊ म्हणता म्हणता पेरूची बाग लागली, छकुली झाली, आणि बारा वर्षं निघून गेली. छकुलीच्या शाळेच्या फॉर्मवर आईचं शिक्षण विचारतात, तिथे दरसाल 'बारावी' लिहावं लागायचं. शिकलेली तीन वर्षं कुठल्याच कागदावर दिसत नव्हती. ते लिहिताना तिचा हात अडखळायचा, असं अविराज एकदा म्हणाला होता.

मग यंदा कॉलेजचं पत्र आलं. जुना अभ्यासक्रम कायमचा बंद होणार होता. राहिलेला विषय ऑनलाइन करण्याची जुन्या विद्यार्थ्यांना ही शेवटची संधी होती. सुटला तर पदवी, नाही सुटला तर ती तीन वर्षं कायमची पाण्यात. हे पत्र माझ्या पडद्यावर उघडलं तेव्हा संजीवनीने ते चार वेळा वाचलं. इकडे माझा पंखा सुरू झाला.

माझी जागा ठरली पेरूच्या पॅकिंग शेडमध्ये, वजनकाट्याशेजारच्या टेबलावर. रेंज तिथेच यायची. मंगळवारी आणि शुक्रवारी चारला अविराज आपला मोबाईल माझ्याजवळ ठेवायचा, त्याच्या नेटवर मी चालायचो. पडद्यावर ज्ञानेश सर यायचे. चष्मा, पांढरा फळा, आणि बोलणं भरभर. मध्य, मध्यक, बहुलक, मग प्रमाण विचलन. सर सांगायचे, "सरासरी नुसती बघू नका. आकडे सरासरीपासून किती लांब पांगलेत ते बघा." संजीवनी वहीत लिहून घ्यायची, आणि नेमकी तेव्हाच शेडच्या दारातून हाक यायची, "संजे, अगं पेरूला घालायच्या फोमच्या जाळ्या कुठं ठिवल्यास?" कधी टेम्पो आलेला असायचा, कधी मजुरांना चहा हवा असायचा. ती उठायची, परत यायची, तोवर सर दोन सूत्रं पुढे गेलेले. मला वाटायचं, कुणीतरी सरांना थांबवा रे! पण मला तोंड कुठे?

ही हाक असायची धोंडाबाईंची. धोंडाबाई म्हणजे संजीवनीची सासू. संजीवनी त्यांना आत्या म्हणते. शेडच्या मधोमध पोत्यावर बसून त्या पेरू निवडायच्या. एक नंबर डाव्या क्रेटमध्ये, दोन नंबर उजव्या, डागी मागे. बघायच्याही नाहीत. गप्पा चालू, आणि हात आपला चालू. बाई वाईट नव्हत्या हो. सुनेने शिकावं असंच त्यांना वाटायचं. फक्त शिकायला गप्प बसून राहावं लागतं, हे काही त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

दोन महिन्यांनी प्रकल्प आला. शंभरातले चाळीस गुण त्याचे. आपल्या भोवतालची कुठलीही एक गोष्ट घ्यायची, तिच्यातून चाळीसचा नमुना काढायचा, मोजायचा आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज बांधायचा. नमुना मात्र यादृच्छिक हवा. म्हणजे आपली आवडनिवड त्यात शिरता कामा नये, प्रत्येकाला सारखी संधी हवी. पहिल्याच पानावर नियम होता: आकडे विद्यार्थ्याने स्वतः गोळा करावेत.

संजीवनीने पेरूची वजनं घ्यायचं ठरवलं. बागेत सहाशे झाडं. प्रत्येकाला नंबर दिला, माझ्याकडून चाळीस नंबर काढून घेतले आणि कागदावर उतरवले. त्या प्रत्येक झाडाचा, तोडायला आलेला, पहिला दिसेल तो पेरू घ्यायचा. सगळं अगदी सरांनी सांगितलं तसं. पण ज्या सकाळी तोडायचं ठरलं, त्याच सकाळी छकुलीच्या शाळेत पालकांची सभा लागली. दुपारी आकडे भरायचे होते. धोंडाबाई म्हणाल्या, "तू जा बिनघोर. त्यो कागद दे हिकडं. मला काय आकडं वाचाया येत न्हाईत व्हय?"

दुपारी संजीवनी परत आली तर टेबलावर चाळीस पेरू ओळीने मांडलेले. फडक्याने पुसलेले. ती खूश झाली. एकेक पेरू काट्यावर ठेवत गेली आणि आकडे माझ्यात भरत गेली. चारशे दहा. चारशे पंधरा. चारशे आठ. चारशे बारा. अहो, विसाव्या पेरूलाच माझं धाबं दणाणलं! मी आकड्यांतच जन्म काढलेला. झाडावरची फळं अशी एका मापाची कधी असतात का? सरासरी आली चारशे बारा ग्रॅम, प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांची पांगापांग, फक्त पाच. संजीवनी म्हणाली, "आत्या, बघा किती एकसारखी आहे आपली बाग!" धोंडाबाई हसल्या. मी घरघर घरघर करत राहिलो. मी तापलोय असं समजून संजीवनीने माझ्याखाली दोन विटा सारल्या आणि प्रकल्प पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'आकडे बनावट वाटतात. शुक्रवारी चार वाजता कॅमेऱ्यासमोर खुलासा करावा. समाधान न झाल्यास प्रकल्पाला शून्य.' चाळीस गुण गेले तर उरलेल्या साठात पास होणं अवघड, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नव्हतं. संजीवनीने जेवण टाकलं. ती पुन्हा पुन्हा तेच आकडे उघडायची, तपासायची, मिटायची. मीही तेच आकडे पुन्हा पुन्हा मोजत होतो. बेरीज बरोबर होती. चूक बेरजेत नव्हतीच.

शुक्रवार उजाडला. चार वाजता सर पडद्यावर आले. आज फळा नव्हता, नुसते सर.

"संजीवनीताई, चाळीस पेरू आणि पाच ग्रॅमचं विचलन? तुमच्याकडे पेरू झाडाला लागतात की साच्यातून काढता?"

"सर, वजनं मी स्वतः केलीत. एकही आकडा मनाचा नाही."

"बरं. मग पेरू तोडले कुणी?"

मित्रांनो, माझ्या कॅमेऱ्यातून मला तिचा चेहरा अगदी जवळून दिसत होता. 'मी' म्हणाली असती तर सरांना काय कळणार होतं? आणि 'सासूने' म्हणाली तर नियम मोडलेला, तिच्याच तोंडून कबूल. माझा जीव नुसता टांगणीला लागला. तिने एकदा मान खाली घातली, मग वर केली.

"सासूबाईंनी तोडले, सर. मी त्या दिवशी शाळेत गेले होते."

सरांनी चष्मा काढला. "मग नियम मोडलाच की, ताई." आणि त्याच क्षणी शेडमधला पंखा थांबला. दिवा गेला. वरकुट्याची लाईट गेली होती! अविराजच्या मोबाईलमुळे नेट शाबूत होतं, पण मी? माझ्याजवळ अकरा टक्के होते, तेही बेभरवशाचे.

पोत्यावर बसलेल्या धोंडाबाईंना बाकीचं काही कळलं नसेल, पण आपल्यामुळे पोरीला बोलणी बसतायत एवढं कळलं. त्या उठल्या. हात पदराला पुसले, डोईवरचा पदर सारखा केला आणि सुनेला बाजूला सारून माझ्यासमोर येऊन बसल्या.

"रामराम, मास्तर. मी धोंडाबाई. हिची सासू. ही न्हाय सांगायची, म्हणून मीच सांगती."

"बोला, आजी," सर म्हणाले.

बोला काय, सर! नऊ टक्के! मी पडद्याचा उजेड कमी केला, पंखा बंद केला, श्वास रोखून धरला म्हणा ना. आणि बाईंनी सुरुवात केली ती थेट आपल्या लग्नापासून.

"मी ह्या घरात आले तवा सोळा वर्साची हुते. सासूनं पैल्याच दिशी लिंबं निवडाया बसवलं. म्हनली, डोळं मिट आन हातानं सांग कंचं हलकं, कंचं भारी. चुकलं की म्हनायची, पुन्ना. आसं दोन म्हयनं. रडले मी, मास्तर, खरंच रडले."

सात टक्के. संजीवनी हळूच म्हणाली, "आत्या, लवकर." धोंडाबाईंनी हाताने तिला थांबवलं.

"थांब गं, मुद्द्याचंच सांगती. तर आज पंचेचाळीस वर्सं झाली. आता काटा नगं मला. हाताला वजन कळतंय. जरा हलकं लागलं की हात आपसूक सोडून देतोय. हिनं कागद दिला. त्याच झाडांस्नी गेले बगा, एक झाड चुकवलं न्हाय. पर मास्तराला दावायचं म्हटल्यावर आसलंतसलं कसं न्यायचं? लोकास्नी दावताना आमी क्रेटच्या तोंडाला चांगलाच माल लावतो. म्हणून एकाला एक जोड बगून घेतला. हिला ठावं बी न्हाय."

चार टक्के. थोडं अजून, थोडं अजून, असं मी स्वतःला बजावत होतो.

"हिनं मला नीट सांगितलं हुतं, पैला दिसंल त्योच घ्या. पोर खरं बोलतीया, मास्तर. खोटं हाय ती माझ्या…"

आणि मी विझलो.

पुढचं मला ऐकू तेवढं येत होतं. धोंडाबाई आणखी बराच वेळ काळ्या पडद्याशी बोलत होत्या. मग त्या थांबल्या. "मास्तर? अवं मास्तर?" अविराजच्या मोबाईलवरून संजीवनीने धावतपळत परत आत जायचा प्रयत्न केला, पण बैठक संपल्याचं दिसलं. सरांनी किती ऐकलं, काय ऐकलं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आत्या, मी सांगितलं होतं ना, पहिला दिसेल तो!" संजीवनी ओरडलीच. सासूवर आवाज चढवलेला मी पहिल्यांदा ऐकला. "बारा वर्षं थांबले मी या एका कागदासाठी!"

धोंडाबाई म्हणाल्या, "माझ्या हातानं तुझं वाटूळं झालं, पोरी." त्या दिवशी उरलेले पेरू तसेच क्रेटमध्ये राहिले, कुणी निवडलेच नाहीत. मला स्वतःची इतकी चीड आली, काय सांगू! आणखी एक मिनिट तग धरला असता तर माझं काय जाणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली. मला उघडलं तर सरांचा निरोप येऊन पडलेला. संजीवनीने तो मोठ्याने वाचला: 'आजींचं बोलणं मध्येच तुटलं, पण हवं ते कळलं. त्यांच्या हातून झालं त्याला आपल्या विषयात निवडीचा कल म्हणतात. पहिला नमुना टाकून देऊ नका. त्याच झाडांवरून सोमवारपर्यंत दुसरा नमुना घ्या, या वेळी स्वतः. दोन्ही शेजारी मांडा आणि फरक का पडला ते लिहा. नीट लिहिलंत तर गुण देईन, नाहीतर शून्यच.'

म्हणजे टांगती तलवार तशीच होती, फक्त सोमवारपर्यंत लांबली होती. रविवारी सकाळी संजीवनी छकुलीला घेऊन बागेत गेली. एक ते दहा आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या. छकुली चिठ्ठी उचलणार, आणि खालून मोजत तेवढ्यावा, तोडायला आलेला पेरू आई घेणार. धोंडाबाई मागून चालत होत्या, दोन्ही हात पाठीशी घट्ट धरून. हे सगळं मला नंतर छकुलीने सांगितलं. म्हणजे मला नव्हे, वडिलांना सांगितलं, पण मी तिथेच उघडा होतो. आजी दर झाडाला कळवळून म्हणत होती म्हणे, "आगं, त्याला डाग हाय. आगं, ह्यो वाकडा हाय. शेजारचा बग की कसा हाय!" आणि आई म्हणत होती, "राहू द्या, आत्या. हाच."

मग चाळीस पेरू टेबलावर आले. काही मोठे, काही मुठीएवढे, एकाला पोपटाने चोच मारलेली. काट्यावरचे आकडे माझ्यात पडत गेले: एकशे नव्वद, चारशे चाळीस, दोनशे सत्तर. मला हायसं वाटलं. हे आकडे झाडाचे होते. सरासरी तीनशे अठरा, विचलन चौऱ्याऐंशी.

"किती?" धोंडाबाईंनी विचारलं.

"तीनशे अठरा."

"काटा बिघडला आसंल. पुन्ना कर."

संजीवनीने पुन्हा केलं. पुन्हा तीनशे अठरा. धोंडाबाई पोत्यावर बसल्या. "आमी बाग लावल्यापास्नं सांगत आलो, आमची बाग चारशेची," त्या म्हणाल्या. संजीवनीचा हात माझ्या बटणांवर थांबला. तो आकडा लिहिणं तिला जड जात होतं, तिची सासू समोर बसली होती. धोंडाबाईंनीच मग मान हलवली. "लिही. जे हाय ते लिही."

तो प्रकल्प सोमवारी सरांकडे गेला. पुढच्या महिन्यात साठ गुणांची परीक्षा झाली, तीही माझ्यावरच. तेव्हा अविराजने ट्रॅक्टरची बॅटरी काढून, इन्व्हर्टर जोडून माझ्याजवळ आणून ठेवली होती. आणि शेडच्या दारात धोंडाबाई बसल्या होत्या. टेम्पोवाला आला, तर त्याला म्हणाल्या, "थांब तितंच. सूनबाई शाळंत हाय." दोन तास त्यांनी कुणाला आत सोडलं नाही. तरी मी भीत होतो, आणि संजीवनीही भीत होती. तिच्या बोटांना घाम येत होता, बटणं ओली होत होती.

निकाल एकोणीस दिवसांनी लागला. ते एकोणीस दिवस कसे गेले ते विचारूच नका. दुपारी ती एकटीच होती. नंबर टाकला, मी वर्तुळ फिरवत राहिलो. नेट रडतखडत चाललं होतं आणि मला माझीच लाज वाटत होती. मग पान उघडलं. प्रकल्प: चाळीसपैकी तेहतीस. परीक्षा: साठपैकी एकवीस. एकूण चौपन्न. उत्तीर्ण.

संजीवनी ओरडली नाही, कुणाला हाक मारली नाही. तिने माझ्या बटणांवर कपाळ टेकलं आणि ती रडली. तिच्या कपाळाने दाबलेली बटणं दाबलेलीच राहिली आणि वरच्या वेबसाइटच्या पत्त्याच्या पट्टीत एकच अक्षर ओळीने उमटत राहिलं, थांबेचना. मीही ते थांबवलं नाही.

मित्रांनो, आता मी फार दिवसांचा सोबती नाही. माझी बॅटरी फुगली आहे, झाकण नीट मिटत नाही. मला पुसा, ऊन लागू देऊ नका, असं सांगायची माझी जात, पण ते राहू द्या. तुमच्या घरात कुणी आई, कुणी काकू, कुणी वहिनी अशीच पडद्यासमोर वही घेऊन बसत असेल. त्या तासाला तिला हाक मारू नका. जाळ्या तुमच्या तुम्ही शोधा, चहा तुमचा तुम्ही टाका. आणि दारात कुणी आलंच, तर त्याला सांगा, ती शाळेत गेली आहे, जरा थांबावं लागेल.